दुमडीतला धागा

वहिनींनी बारीकरावांना पहिल्यांदा पाहिलं ते भांडणातच. तेव्हा त्या कुणाच्या वहिनी नव्हत्या आणि त्यांनाही अजून कुणी बारीकराव म्हणत नव्हतं. वडिलांच्या एकुलत्या एका चांगल्या कोटावर ठिणगी उडून बाहीला, अगदी दर्शनी जागी, भोक पडलं होतं. कोट रफूला टाकला होता. तो आणायला गेलेल्या लेकीने दुकानातच खिडकीशी नेऊन तो उलटासुलटा करून पाहिला, तर भोक कुठेच नाही. तिने सरळ आरोप ठेवला.

"हा आमचा कोटच नाही. आमचा तुम्ही हरवलात आणि दुसऱ्या कुणाचा तरी आमच्या गळ्यात मारताय."

दुकानातल्या जाडजूड तरुणाने कोट तिच्या हातून घेतला. त्याने बाही उलटी केली, आतली दुमड थोडी उसवली आणि तिच्यापुढे धरली. कुणाच्या कधी नजरेस न पडणाऱ्या त्या कापडातून काही धागे काढून घेतलेले होते. "इथून घेतले," तो म्हणाला. "बाजारातला धागा कितीही जुळवला तरी उन्हात वेगळा दिसतो. ज्याचं त्यालाच लागतं." मग त्याने भिंग तिच्या हातात दिलं आणि बाहीवरची जागा सुईच्या टोकाने दाखवली. एक धागा उभा, एक आडवा, एकावरून एकाखालून, विणकराने मुळात विणलं होतं अगदी तसंच. ओठांवर आलेलं भांडण तिने गिळलं. "अगबाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. ते आश्चर्य तिला जन्मभर पुरलं, कारण पुढे तिने त्याच माणसाशी लग्न केलं.

बारीकराव हे नाव त्यांच्या कामावरून पडलं. पोटाकडे बघून कुणी ते ठेवलं असेल असं म्हणायची सोयच नव्हती. बोटंही जाड, पेरं फुगलेली, आणि त्या बोटांतून असं काम उतरायचं की गिऱ्हाइकाला आपलंच भोक सापडू नये. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. खिडकीपाशी ते, त्यांच्या उजव्या हाताला वेताची टोपली आणि डाव्या हाताला काउंटरशी वहिनी. गल्लीतली सगळी माणसं त्यांना वहिनीच म्हणायची, वहिनींच्या आईच्या वयाची असली तरी.

दुकानाची एक रीत होती. कापड आलं की बारीकराव ते खिडकीच्या उजेडाला धरत. भोकाकडे ते फारसं बघतच नसत. ते बघत भोकाच्या कडेचं कापड. कड शाबूत असेल तर "होईल" हा एकच शब्द म्हणून कापड उजवीकडे टोपलीत टाकत. एकदा त्यांनी होईल म्हटलं की ते व्हायचंच, गिऱ्हाईक निर्धास्त घरी जायचं. पण कड विरलेली असेल, टाका धरून ठेवायला कापडात जीवच उरला नसेल, तर ते काही न बोलता ते डावीकडे सरकवत. पुढचं वहिनींनी सांगायचं. माणसाला नाही म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती, आणि जगात सगळीच कामं नवऱ्याने करायची असंही कुठे लिहिलेलं नाही. वहिनी कापड हातात घेऊन म्हणत, "आभाळच फाटलंय हो. ठिगळ कुठे कुठे लावणार?" त्यामुळे गल्लीत बारीकराव देवमाणूस ठरले आणि वहिनी कजाग. वहिनींना त्याचं फार वाईट वाटलं नाही. कुणीतरी कजाग असल्याशिवाय देवमाणसाचं दुकान चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरी एखादं गिऱ्हाईक गयावया करायचं. निदान आजचा दिवस तरी, निदान उद्याच्या समारंभापुरतं तरी. मग बारीकराव विरलेल्या कापडाला कच्चे टाके घालून देत आणि खाली मान घालून म्हणत, "निभेल तेवढं निभेल."

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं म्हणतात. बारीकरावांची साखर मुंगीच्या पावलांनी आली आणि तिने जायचं नावच घेतलं नाही. गोळ्या आल्या, पथ्य आलं, पथ्य चुकवायच्या युक्त्याही आल्या. वहिनींचा पहारा कडक होता, पण जित्याची खोड ती, गल्लीच्या टोकाच्या दुकानातून गोड काहीतरी खिशात येतच होतं. वर्षं अशीच गेली. मग एकदा वहिनींच्या लक्षात आलं की घरी परतताना हे जिन्याच्या मधल्या वळणावर थांबतात आणि भिंत न्याहाळत बसतात.

"भिंतीत काय आहे एवढं?"

"ओल आलीय बहुतेक."

वहिनींनी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी ठणठणीत होती. ओल होती ती नवऱ्याच्या कपाळावर, आणि श्वास असा चालला होता जसा कुणी जिना डोक्यावर घेऊन चढलाय. छातीत दुखतंय का, म्हणून विचारलं तर दुखत काहीच नव्हतं. वहिनींनी त्यांना तिथूनच परत खाली उतरवलं आणि थेट दवाखान्यात नेलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाशी वाद घालत बसायचं नसतं, हे त्या संसारात शिकल्या होत्या.

दुखत नव्हतं हेच वाईट होतं, हे हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या वयाने लहान, बोलायला शांत. "साखर जुनी झाली की नसा बोथट होतात. हृदय ओरडतं, पण ऐकू येत नाही. फक्त दम लागतो." मग तपासणी झाली, मनगटातून बारीक नळी आत घालून हृदयाच्या वाहिन्यांची फिल्म काढली, आणि दोघांना समोर बसवून त्यांनी ती पडद्यावर लावली.

वहिनी नेहमीच्या सवयीने नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. पडद्यावर राखाडी धुकं होतं आणि त्या धुक्यात काहीतरी आकसत होतं, फुलत होतं. औषध सोडलं की काळे धागे उमटायचे, फांद्या फुटायच्या, मग पुसून जायचे. ते या माणसाचं हृदय होतं. ज्याच्यावर रागावून वहिनींनी कितीदा अबोला धरला, ज्याच्या पाठीला पाठ लावून झोपल्या, त्या माणसाच्या आत एवढ्या वर्षांत कुणी न बघितलेलं हे झाड हलत होतं, आणि ते कुणालाही न विचारता हलत होतं. वहिनींच्या अंगावर काटा आला. आपण घाबरलोय की हरखलोय हे त्यांनाच कळेना.

"या तीन मोठ्या वाहिन्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिन्हींत अडथळे आहेत. इथे, इथे, आणि ही पुढची, सगळ्यात महत्त्वाची, ती अगदी उगमापाशी. मधला भागही असा खडबडीत झालाय." मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, जिथे अडलंय तिथे जाळीची छोटी नळी, म्हणजे स्टेंट, बसवायची. छाती उघडावी लागत नाही, माणूस दोन-तीन दिवसांत घरी. दुसरा, बायपास. छाती उघडायची, मोठं ऑपरेशन, कामाला लागायला काही महिने. "सुरुवातीचा धोका बायपासमध्ये जास्त आहे, पक्षाघाताचाही थोडा. हे मी लपवणार नाही. पण साखर असलेल्या आणि तिन्ही वाहिन्या आजारी असलेल्या माणसांचा खूप अभ्यास झालाय. दोन्ही उपचार करून वर्षानुवर्षं बघितलंय. अशांमध्ये बायपासवाले जास्त जगतात, पुढचे झटकेही कमी येतात. माझा कल तिकडे आहे. तुम्ही सर्जनना भेटा, मग आपण मिळून ठरवू. फार दिवस घालवू नका."

बारीकराव पुढे झुकून पडद्याकडे बघत होते. तीच नजर. खिडकीच्या उजेडाला कापड धरल्यावरची. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग टेबलावरचं फिल्मचं पाकीट त्यांनी दोन बोटांनी, काही न बोलता, डावीकडे सरकवलं.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, सांभाळायला बायकोकडे दिलं. वहिनींचं मात्र धाबं दणाणलं. त्यांच्या नवऱ्याने कड बघितली होती, आणि त्याच्या मते आता टाका घालण्याजोगं कापड उरलेलं नव्हतं.

घरी येऊन त्या थेट स्वयंपाकाला लागल्या. बोलायला लागल्या असत्या तर रडल्या असत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याला गेल्या वर्षीच स्टेंट बसला होता आणि तेव्हापासून तो स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होता.

"माझ्याकडे बघा," तो मेहुण्यांना म्हणाला. "सोमवारी आत, बुधवारी घरी. मनगटावर हा एवढासा डाग, बस्स! आणि साखरेच्या माणसाची छाती उघडायची म्हणजे काय चेष्टा आहे का? साखरेत जखम भरत नाही. भरलीच नाही तर?"

"तुला साखर आहे?" वहिनींनी विचारलं.

"छे!"

"किती ठिकाणी अडलं होतं तुझं?"

"एकाच. पण ताई, मुद्दा तो नाही..."

"तोच आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला!"

भाऊ वाईट माणूस नव्हता. मेहुण्यांवर त्याचा जीव होता आणि भीती वाटली की तो जास्त बोलायचा, एवढंच. शिवाय जखमेचं त्याने जे काढलं ते वहिनींच्याही मनात होतंच.

बारीकराव मात्र त्याला दुजोरा देत म्हणाले, "जाळीच बसवून घेऊ. निभेल तेवढं निभेल."

वहिनींच्या काळजात चर्र झालं. हे वाक्य त्यांनी त्या खिडकीपाशी किती वेळा ऐकलं होतं! जे कापड संपलंय, त्याच्यासाठीचं ते वाक्य होतं. जाळी चांगली की वाईट हा प्रश्नच त्यांच्या नवऱ्यापुढे नव्हता. भावासारख्या माणसाला ती चांगलीच होती. पण हा माणूस जाळी मागत होता ती स्वतःला मोडीत काढून, कच्चा टाका म्हणून मागत होता.

आणि वहिनींची पंचाईत वेगळीच होती. जन्मभर त्यांनी नाही म्हटलं होतं. नाही म्हणणं सोपं असतं, त्यात कुणी मरत नाही, फार तर गिऱ्हाईक रागावतं. आता त्यांना हो म्हणायचं होतं. छाती उघडायला हो. त्यांनी हट्ट धरला असता तर बारीकराव ऐकणार होते, कारण त्यांना नाही म्हणताच येत नव्हतं. मग ऑपरेशनच्या टेबलावरून ते उठलेच नसते तर? तो हो कुणाच्या नावावर लागला असता? वहिनी ओट्याशी उभ्या राहून तीच ती कपबशी पुन्हा पुन्हा विसळत राहिल्या. त्यांना नवरा हवा होता. पुढची वर्षं हवी होती, त्याचं सगळं चोरटं गोडधोड आणि सगळी मुकी भांडणं धरून. दुसरं काही नको होतं.

शेवटी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, एक विचारू? आपण कधी कुणाचं कापड न बघता परत पाठवलंय?"

"नाही."

"पडद्यावर सावली बघितलीत तुम्ही. कापड नाही. ज्यांनी आतापर्यंत शेकड्यांनी हृदयं प्रत्यक्ष हातात घेतलीत, त्यांना एकदा दाखवू. ते नाही म्हणाले तर मी गप्प बसेन."

"तू? गप्प?" बारीकराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते हसले, आणि हसता हसता त्यांना दम लागला.

सर्जनना बघून वहिनींची अर्धी आशा तिथेच मावळली. माणूस उंचपुरा, आवाज घोगरा आणि बोटं ही अशी जाड! मग त्यांना आठवलं की जाड बोटांवरून आपण एकदा फसलोय, आणि त्या जरा सावरून बसल्या.

सर्जननी फिल्म लावली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. वहिनी त्यांच्या हाताकडे बघत होत्या, हा माणूस आता पाकीट कुठल्या बाजूला सरकवतो म्हणून.

"काय वाटतं तुम्हाला?" सर्जननी बारीकरावांनाच विचारलं.

"कडच विरलीय," बारीकराव म्हणाले. "मी रफूचं काम करतो. भोक बुजवायचं तर कड शाबूत लागते. इथे सगळंच गेलंय. टाका घातला तर टाक्याशेजारी फाटणार."

"बरोबर आहे. म्हणून तर आम्ही तिथे टाका घालतच नाही."

बारीकरावांनी मान वर केली.

सर्जन उठून पडद्यापाशी गेले. "ही खराब जागा. ही पण. यांना मी हातही लावणार नाही, राहू देत जशा आहेत तशा. पण इथे खाली बघा. अडथळ्यांच्या पलीकडे. इथे वाहिनी चांगली आहे. मी इथे येऊन जोडणार. वरून नवा रस्ता काढायचा, वळसा घालायचा आणि इथे सोडायचा." त्यांनी बोटाने हवेत वळसा काढून दाखवला. "जाळी एक जागा उघडते. साखर असली की उद्या तिच्या पुढे-मागे दुसरी जागा अडू शकते, कधी जाळीही आतून पुन्हा भरते. वळसा त्या सगळ्याच्या पलीकडे जाऊन उतरतो. मग वर काही झालं तरी खालच्या मांसाला रक्त मिळत राहतं. तुमच्यासारख्याला त्याचा फायदा आहे तो यामुळे."

"आणि वळशाला नळी? प्लास्टिकची?"

"छे. तुमचीच. एक छातीच्या हाडामागून घेतो, ती सगळ्यात टिकाऊ. बाकी पायातून. तिथे दुसऱ्या असतात, त्या काम सांभाळून घेतात. बाहेरचं काही आणलं तर ते इतकं टिकत नाही."

वहिनींना तो कोट आठवला. उलटी केलेली बाही, उसवलेली दुमड. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं तर तेही त्यांच्याकडेच बघत होते.

"ज्याचं त्यालाच लागतं," वहिनी हळूच म्हणाल्या.

"अं?" सर्जन म्हणाले.

"काही नाही. आमच्या दुकानातलं बोलणं आहे."

बारीकरावांचा चेहरा बदलला होता. स्वतःचं दुखणं विसरून ते कामात शिरले होते. "धागा बघायला मिळेल?" त्यांनी विचारलं. सर्जननी आतून एक पाकीट मागवलं, फोडलं, चिमट्यात धरून समोर केलं. वहिनींना चिमटा दिसला, चिमट्यात पापणीच्या केसाएवढी वाकडी सुई दिसली. धागा दिसेना. बारीकराव उठले, चिमटा सांभाळून घेतला आणि खिडकीशी गेले. उजेडात एक निळसर रेघ चमकली आणि पुन्हा नाहीशी झाली. केसही तिच्यापुढे दोरखंड वाटला असता.

"अगबाई!" बारीकराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून वहिनींचा शब्द निघाला.

"भिंग लावूनच करतो," सर्जन थोडे संकोचून म्हणाले.

"पण हृदय हलतं की," बारीकरावांनी विचारलं. "हलत्या कापडावर असा टाका घालायचा कसा?"

"माझी पद्धत थांबवून करायची. रक्त तेवढा वेळ यंत्रातून फिरतं. हृदय गार करून, औषध देऊन थांबवायचं. मग ते अगदी शांत पडून राहतं."

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि मग चालू कोण करतं?"

सर्जन पुन्हा खुर्चीत बसले. "खरं सांगू? मी नाही करत. काम झालं की त्याचं रक्त त्याला परत सोडायचं आणि हात बाजूला घ्यायचे. कधी एखादा हलका झटका द्यावा लागतो. पण बहुतेक वेळा ते आधी नुसतं थरथरतं आणि मग आपलं आपण सुरू होतं. इतकी वर्षं करतोय. त्या वेळी आमच्या खोलीत अजूनही कुणी बोलत नाही."

वहिनींना वाटलं, एवढा मोठा माणूस, छाती उघडणारा, आणि त्याच्या कामाच्या शेवटी तोही आपल्यासारखा हात बांधून वाट बघत उभा राहतो. त्यांची भीती गेली नाही. पण भीतीशेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं.

त्यांनी जखमेचं विचारलं. नळीतून इन्सुलिन देऊन साखर आटोक्यात ठेवू, तरी धोका असतो, असं सर्जन म्हणाले. "पण होईल ना सगळं नीट?" वहिनींनी विचारलंच. तो एक शब्द कुणीतरी उच्चारावा म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

"तसा शब्द मी कुणालाच देत नाही," सर्जन म्हणाले. "आम्ही सगळं नीट करू. पुढचं त्यांचं शरीर सांगेल."

बारीकरावांनी चिमटा परत दिला आणि बायकोकडे वळले. "तू सांग."

"करू या," वहिनी म्हणाल्या. आयुष्यात इतका जड शब्द त्यांनी उचलला नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी त्या बाहेरच्या खुर्चीत बसून होत्या. शेजारी भाऊ, मांडीवर थर्मास घेऊन, एक अक्षर न बोलता. त्याच्या गप्प बसण्याने वहिनींना जास्तच धास्ती वाटली. समोरच्या बंद दारापलीकडे कुठेतरी त्या माणसाचं हृदय आता थांबलं असेल, हा विचार त्यांना पुरा करताच येईना. थांबलं असेल आणि तरी तो मेला नसेल. पायाच्या दुमडीतला धागा निघाला असेल. एक टाका, मग दुसरा. त्या मनातल्या मनात सुई ओढत होत्या, सावकाश, सर्जनला घाई होऊ नये म्हणून. माझा हो होता, त्या मनात म्हणत होत्या. काही झालं तर माझा हो होता.

दार उघडलं. सर्जन स्वतःच त्यांच्यापाशी आले. कपाळावर भिंगाच्या पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

"सुरू झालं," ते म्हणाले.

"आपलं आपण?"

"आपलं आपण."

वहिनींनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते जाड हात, धुऊन धुऊन पांढरे पडलेले, काही घडलंच नाही असे दोन्ही बाजूंना लोंबत होते. वहिनींना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्या नुसत्या रडल्या. भावाने थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "पण अजून शुद्धीवर यायचेत," सर्जन म्हणाले. "खरं ते तेव्हाच कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत सोडलं. बारीकराव नळ्यांच्या जंजाळात निजले होते. घशात श्वासाची नळी, छातीवर पट्टी, पायाला घोट्यापासून वरपर्यंत दुसरी पट्टी. डोळे अर्धवट उघडे होते, पण ओळख पटली की नाही ते कळत नव्हतं. वहिनी आपसूक डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पट्टीखाली छाती वरखाली होत होती आणि यंत्रावर हिरवी रेघ उड्या मारत होती. कालची थांबलेली, आज चालणारी. वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"थोडे गोंधळलेत," परिचारिका म्हणाली. "पहाटेपासून चादरच ओढताहेत. भूल उतरताना होतं असं कधी कधी. घाबरू नका."

वहिनींनी खाली पाहिलं. बारीकरावांचा उजवा हात चादरीवर होता. अंगठा आणि पहिलं बोट, त्यांच्या चिमटीत चादरीची कड, आणि ती बोटं कापड हळूहळू चोळत होती. दाबून बघत होती. थोडी पुढे जाऊन पुन्हा चोळत होती. हा गोंधळ नव्हता. हा माणूस पोत बघत होता. कड बघत होता.

बोटं थांबली. चिमटीतली चादरीची घडी सोडून न देता हात उचलला गेला, आणि वहिनींनी पलंगाचा दांडा घट्ट धरला. हात डावीकडे, आपल्याकडे येऊ नये एवढंच त्या मागत होत्या.

हात त्यांच्याकडे आला नाही. घडी धरून तो सावकाश उजवीकडे गेला, पलंगाच्या कडेपर्यंत, आणि तिथे त्याने ती खाली टाकली.

"काय म्हणताहेत?" परिचारिकेने विचारलं. "काही हवंय का त्यांना?"

वहिनींनी डोळे पुसले.

"होईल म्हणताहेत," त्या म्हणाल्या.